माशाने घेतलं

अर्जुनरावांच्या घरचा पाचवा मासा मेला, तेव्हा ते पेढे घेऊन जयमालाच्या दुकानात आले.

"घे वं जयमाला, तोंड गोड कर. माशानं घेतलं!"

शेगावात स्टेशनरोडच्या एका बोळीत जयमालाचं रंगीत माशांचं दुकान आहे. पुढे काचेच्या बारा टाक्या, मागे पडदा, आणि पडद्याआड तिची धाकटी बहीण पुष्पांजली मशीनवर ब्लाउज शिवत बसलेली असते. जयमालाने पेढा घेतला. पडद्याआडून एक हात आला, त्यानेही एक पेढा उचलला आणि मशीन पुन्हा सुरू झालं. अर्जुनराव खुशीत सांगत होते, "जेवाच्या टेबलावरचा पंखा धाडकन खाली आला ना! आन् तवा तिथं कोनीच नाही बसेल. सकाळी पायतो तं मासा उलटा तरंगून राह्यला. घेतलं बापड्यानं आपल्या अंगावर."

जयमालाने उरलेला पेढा टेबलावर ठेवून दिला. तो मासा तिने मारला होता. आधीचे चारही तिनेच.

आता मेल्या माशाचे पेढे हा काय प्रकार, ते सांगायला हवं. अर्जुनराव मूळचे पिंपळगाव राजाचे, जमीनजुमला चांगला. तीन वर्षांपूर्वी त्यांनी शेगावात बंगला बांधला आणि लगोलग एका वास्तूवाल्याला बोलावलं. त्याने सांगितलं, बैठकीत ईशान्येला माशांची टाकी ठेवा, आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे सोडा. घरावर संकट आलं की त्यातला एक मासा ते आपल्यावर घेतो आणि मरतो. मेला की दुसरा आणायचा, नऊचा आकडा मोडायचा नाही. मात्र मुद्दाम मारायचा नाही, मारला तर संकट दुप्पट होऊन येतं. हसू नका. शेगाव-खामगावच्या बऱ्याच बंगल्यांत हे चालतं, आणि खरं सांगायचं तर जयमालाच्या दुकानाचं निम्मं गिऱ्हाईक याच समजुतीतून येतं.

आणि तीच बाई ही समजूत विसरली! रागाने माणूस असा आंधळा होतो.

राग साधा नव्हता. जयमालाची आई पिंपळगाव राजाची, म्हणून गावच्या नात्याने अर्जुनराव या दोघी बहिणींचे मामा. चौदा वर्षांपूर्वी पुष्पांजलीची सोयरीक बीबी गावच्या एका बऱ्या घरी जमली. मध्यस्थ अर्जुनमामाच. साखरपुडा झाला, बस्ता बांधला, आणि लग्नाला आठ दिवस राहिले असताना बीबीहून निरोप आला, पोरीच्या पायावर कोड आहे, तुम्ही लपवलं, आम्हाला हे लग्न करायचं नाही. कोड नव्हतंच. असतं तरी काय आभाळ कोसळणार होतं, पण नव्हतंच. पुष्पांजली अकरा वर्षांची असताना उकळत्या दुधाचं पातेलं तिच्या पायावर उलटलं होतं, त्याचा नडगीपासून घोट्यापर्यंतचा तो पांढरा डाग. कुठे उलटलं? अर्जुनमामाच्याच अंगणात. दवाखान्यात कडेवर घेऊन कोण धावलं? अर्जुनमामाच. आणि लग्न मोडल्यावर दोनच महिन्यांत त्याच मुलाशी अर्जुनमामाच्या पुतणीचं, पायलचं, लग्न लागलं. तेव्हा कोणाला शंकासुद्धा आली नाही. वऱ्हाडी म्हणून जयमालाच्या घरचे सगळे जेवूनही आले.

पुढे पुष्पांजलीसाठी जे स्थळ बघावं तिथे कोडाची बातमी आधीच पोचलेली असायची. आई गेली ती "कोनी सांगतलं असन वं?" असं विचारत गेली. आणि पुष्पांजलीने पायात मोजे घातले. गुडघ्यापर्यंतचे, सुती. वैशाखात अंगाची लाही होते, तेव्हाही मोजे. दुकानाच्या ओल्या फरशीवर ते रोज भिजायचे आणि रोज संध्याकाळी मागच्या दोरीवर दोन जोड लोंबत असायचे. ते पाहिले की जयमाला दोरीकडे पाठ करून बसायची.

सांगणाऱ्याचं नाव जयमालाला तीन वर्षांपूर्वी कळलं. बीबीची अन्नपूर्णा, त्या मुलाची आत्या, दर्शनाला आली होती. ऊन टळेपर्यंत दुकानातल्या बाकावर टेकली आणि पाणी पिता पिता बोलून गेली, "आमाले काय मालूम बाई, तुमच्या मामानंच सांगतलं ना कोड आहे म्हनून." जयमालाने ते पोटात ठेवलं. पुष्पांजलीला सांगितलं नाही. सांगून काय करणार होती? अर्जुनराव सरळ कानावर हात ठेवतील, आणि अन्नपूर्णा आपल्याच भाच्याच्या घरात आग लावायला थोडीच पुढे येणार! जयमालाला एकच गोष्ट हवी होती. त्या माणसाने पुष्पांजलीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने म्हणावं, मी खोटं बोललो. एवढं ऐकल्याशिवाय तिला मरायचंही नव्हतं.

अशात हा माणूस टाकी घ्यायला तिच्याच दुकानात आला. जयमालाने तीन फुटी टाकीला मुठीएवढा शोभेचा फिल्टर दिला आणि वर सांगितलं, "मामा, दर गुरुवारी याचा स्पंज नळाखाली पांढरा शुभ्र होईस्तोवर रगडायचा." गुरुवार म्हटल्यावर शेगावचा माणूस चुकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आता स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जंतू वस्तीला असतात, माशांची घाण तेच पचवतात. नळाच्या पाण्यातल्या औषधाने ते मरतात, मग घाण पाण्यातच राहते आणि मासा आपल्याच घाणीत गुदमरतो. जयमालाला वाटलं, एकामागून एक मासे मेले की याच्या घरात धास्ती बसेल, तोंडचं पाणी पळेल. आणि इथे हा पेढे वाटतोय! पहिला मेला तेव्हा याच्या मुलाची, प्रज्वलची, गाडी घसरून नुसतं खरचटलं होतं. दुसरा मेला तेव्हा गोठ्यातून साप निघून गेला. दर मेल्या माशागणिक हा माणूस आणखी निर्धास्त, आणखी गुबगुबीत होत चालला होता. आणि निष्पाप पाच मासे जिवानिशी गेले, ते हिच्या हातून. त्यांचं तिला वाईट वाटत होतं, आणि त्या वाईटाचाही राग ती मामाच्याच खात्यात टाकत होती.

"पन एक भानगड झाली," पेढ्यांचा डबा बंद करत अर्जुनराव म्हणाले. "पान्याचा वास येऊन राह्यला. तुही मामी म्हन्ते का घरात टाकी तरी राहीन नाहीतर मी तरी. अजून एखांदा फिल्टर लावता येईन का वं, जास्तीचा?"

जयमालाने फळीवरून तीन खोकी काढून समोर मांडली. धंद्याची सवय, तोंड आपोआप बोलायला लागलं.

"हा स्पंजाचा. हवेच्या पंपावर चालते. गरीब आहे पन इमानदार. बुडबुड्याचा आवाज मात्र दिवसरात्र. हा दुसरा मागं अडकवाचा. टाकीच्या काठाले लटकते, पानी वर ओढते आन् गाळून परत सोडते. चार-पाच बारक्या माशांले पुरते. पन तुमचे गोल्डफिश. खाते बी लय आन् घान बी लय करते. नऊ माशांले हा दम टाकून देईन."

"आन् हा?"

"हा डब्याचा. खाली कपाटात ठेवाचा, दोन नळ्या वर टाकीत. पानी डब्यात येते, आधी जाडा स्पंज, मंग बारीक कापूस, मंग ह्या मातीच्या कड्या. या कड्यांत जंतू बसते आन् घान खाऊन टाकते. हा लावला तं मासे मरत..."

आणि जयमाला बोलता बोलता थांबली. डोक्यात लख्ख उजेड पडला. मासे मेले की हा माणूस सुखात राहतो. मग मेलेच नाहीत तर?

"मरत नाही का?" अर्जुनरावांनी विचारलं.

"मासे ठणठणीत राह्यते, मामा. हाच घ्या."

"चांगलंच आहे मंग. ज्याची येळ आली तो जाईनच म्हना."

"हाव. मीच येऊन लावून देईन."

आणि तिने लावून दिला, असा जीव ओतून की सख्ख्या बहिणीच्या घरीही कोणी लावला नसता. नव्या कड्या बाजूला ठेवून आपल्या सगळ्यात जुन्या टाकीतल्या, चार वर्षं मुरलेल्या कड्या तिने त्या डब्यात भरल्या. पाचव्या मेलेल्याच्या जागी निवडून एक तगडा मासा सोडला. गुरुवारचं रगडणं बंद केलं. "महिन्यातून एक खेप, टाकीच्याच पान्यात, हलक्या हातानं. ते बी मीच येऊन करीन." सुभद्रामामीने तिला चहा दिला, वर म्हणाली, "लय उपकार झाले वं तुहे." जयमालाने गोड हसून कप खाली ठेवला.

दिवाळी गेली. पाणी आरशासारखं झालं. संक्रांत गेली, मासे तळहाताएवढे झाले, काळा तर टाकीचा मालक असल्यासारखा फिरायला लागला. आणि अर्जुनराव वाळायला लागले. संकटं काही नवी नव्हती. तुमच्या-आमच्या घरात रोज घडतं तेच. फवारणीचा पंप जळाला. गाय फुगली. प्रज्वलचा परीक्षेचा निकाल लागला आणि न लागल्यासारखाच लागला. मोबाइल पाण्यात पडला. पण पूर्वी त्या हिशेबाला एक मेलेला मासा जमेला असायचा. आता सकाळी उठून टाकीकडे धावावं तर नऊच्या नऊ मासे तोंड उघडझाप करत खायला मागत होते. फाल्गुनात अर्जुनराव न्हाणीत पाय घसरून पडले आणि मनगट मोडलं. त्या दिवशी प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून ते घरी आले ते थेट टाकीपाशी गेले. नऊ. सगळे मजेत.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. जयमालाला तो चेहरा पाहून इतकं बरं वाटलं की तिने स्वतःहून बाक पुसून दिला.

"जयमाला, काऊन नाही घेऊन राह्यले वं हे मासे? एक बी मरून नाही राह्यला. सगळं माह्याच अंगावर येऊन राह्यलं."

"तब्येत चांगली आहे त्यायची."

"तो डबा काढून टाकू का?"

"काढा ना. पन तुमचा वास्तूवालाच म्हने ना, हातानं मारला तं दुप्पट? लावलेला फिल्टर काढनं म्हंजे मारनंच झालं."

अर्जुनराव गळ्यात अडकवलेला हात सावरत अगदी बारीक आवाजात म्हणाले, "काही उपाय?"

जयमालाने हातातली जाळी खाली ठेवली. पुढचं वाक्य तिने त्याच क्षणी रचलं, पण सांगितलं असं की जणू धंद्यातली जुनी माहिती.

"मामा, मासा बाहेरून येनारं संकट घेते. घरात कोनाचा तळतळाट बसला असन तं त्याले मासा तोंड लावत नाही. तो ज्याचा त्यानंच फेडा लागते. कोनाचं काय केलं असन ते टाकीपुढं बसून, चार मानसायच्या समोर, मोकळ्या तोंडानं बोलून टाका. परवा गुरुवार आहे. मी फिल्टर साफ कराले येनारच आहे."

अर्जुनरावांचा चेहरा राखेसारखा झाला. ते मान हलवत उठून गेले. जयमाला रात्रभर... नाही, झोपली छान, उगाच खोटं कशाला. चौदा वर्षांत झोपली नव्हती एवढी छान झोपली.

गुरुवारी सकाळी ती बादली धरायला म्हणून पुष्पांजलीला बरोबर घेऊन गेली. पुष्पांजलीने मोजे, वर चप्पल, असं नेहमीसारखं घातलं होतं. बैठकीत पाट मांडलेला. अर्जुनराव आंघोळ करून, टिळा लावून टाकीपुढे बसले होते. सुभद्रामामी दाराशी उभी. रस्त्याकडची खिडकी उघडी होती. जयमालाने डबा उघडून कड्या बादलीतल्या पाण्यात सोडल्या आणि कान टवकारले.

"म्या धाकट्या भावाच्या वावरात धुरा हातभर सरकवला," अर्जुनराव माशांकडे बघत म्हणाले. "शेजारच्या नारायणरावाच्या पाळीचं पानी दोन वर्स माह्या वावरात वळवलं. गावात आग लागली ते माह्याच कडब्याच्या गंजीतून, नाव मी सालदाराचं घेतलं. आन् माय शेवटच्या महिन्यात बोलवत व्हती, मी गेलो नाही." त्यांनी डोळे पुसले. डोळे खरेच ओले होते. "झालं. एवढंच."

एवढंच?

जयमाला वाट बघत राहिली. अर्जुनराव पाट सरकवून उठायला लागले. लपवत नव्हते हो ते. लपवणाऱ्याचा चेहरा वेगळा असतो. त्यांना आठवतच नव्हतं! हिच्या घरातली चौदा वर्षं, आईचं मरण, दोरीवरचे ते मोजे, आणि या माणसाच्या लेखी धुऱ्याएवढीही किंमत नाही. ओरडायला म्हणून जयमाला उठू लागली.

तेव्हा पुष्पांजलीने बादली खाली ठेवली. ती फरशीवर बसली, उजव्या पायातला मोजा ओढून काढला, मग डावा काढला, आणि भाजलेला पाय अर्जुनरावांच्या पाटावर ठेवला.

"हा डाग ओळखता का, मामा?"

बोलली ती सुभद्रामामी. "वो माय! हा तं आपल्या आंगनातला. दूध सांडलं तवाचा. कोरफड मीच लावली व्हती ना तुले."

"मंग बीबीले कोड म्हनून कोनी सांगतलं?"

जयमालाने चमकून बहिणीकडे पाहिलं. पुष्पांजली मामावरची नजर न काढता म्हणाली, "अन्नपूर्णाबाई बोलत व्हती त्या दिवशी माहं मशीन बंद व्हतं, ताई. तुले कळलं नाही."

तीन वर्षं दोघी बहिणी एकाच पडद्याच्या दोन बाजूंना तेच विष पीत बसल्या होत्या.

"ते..." अर्जुनराव म्हणाले. "ते व्हय?" आणि मग त्यांच्या तोंडून जे निघालं त्यात कपट नव्हतं, म्हणूनच ते ऐकवेना. "पायलचं कुठंच जमत नव्हतं. पोरगं चांगलं व्हतं. मले वाटलं, तुहं काय, दुसरीकडे जमून जाईन."

मग सुभद्रामामी पुढे आली. नवऱ्याचा नवा मोबाइल तिने खिडकीतून उचलला आणि त्याच्या धड हातात कोंबला.

"लावा बीबीले."

"अवं, पायल आहे त्या घरात..."

"ही बी कोनाच्या तरी घरात राह्यली असती. लावा म्हन्ते ना!"

फोन पायलनेच उचलला. "काका? हात कसा आहे?" अर्जुनरावांनी तिला फोन सासूकडे द्यायला सांगितलं. तिची सासू महामाया, ऐंशीच्या घरातली, कानाने पार गेलेली. पहिल्यांदा अर्जुनराव पुटपुटले. पलीकडून आवाज आला, "जोरात बोला, ऐकू येत नाही." दुसऱ्यांदा ते बोलले. "जोरात!" तिसऱ्यांदा अर्जुनराव खिडकीत उभे राहून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, "पुष्पांजलीच्या पायाले कोड नव्हतं! भाजल्याचा डाग व्हता! मी खोटं सांगतलं व्हतं! मी!"

रस्त्यावरून जाणारी माणसं थांबली. समोरच्या लॉजचा मॅनेजर हातातला चहा घेऊन बाहेर आला. फोनमध्ये म्हातारी काय म्हणाली ते कळलं नाही, पण मागून पायलचा आवाज आला, "काय म्हन्लं काका तुमी?" आणि मग फोन बंद झाला.

जयमालाला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आपण रडू. रडू आलं नाही. तिने कड्या पाण्यातून अलगद काढल्या, डब्यात रचल्या, झाकण लावलं, झाकणाचे चारही खटके नीट दाबले आणि बटण सुरू केलं. डबा एकदा गुरगुरला आणि स्वच्छ पाण्याची धार टाकीत पडायला लागली. मासे धारेखाली गोळा झाले.

अर्जुनराव पाटावर बसले होते. त्यांनी वर पाहिलं. "आता तं घेतीन ना वं मासे?"

जयमालाने ओले हात पदराला पुसले. "हा फिल्टर असा आहे ना मामा, पानी असंच राह्यलं तं गोल्डफिश चौदा-पंधरा वर्स जगते. मी येत जाईन दर महिन्याले. एकबी मरू देनार नाही."

फरशीवर पाणी सांडलं होतं. पुष्पांजलीने ते आपल्या मोज्यांनी पुसलं, मोजे बादलीत टाकले आणि उघड्या पायात चप्पल सरकवून ती बहिणीच्या पुढे, रस्त्यावर थांबलेल्या माणसांमधून चालायला लागली. मागे अर्जुनराव टाकीला तोंड लावून मासे मोजत होते. नऊच होते.